हे कुणाचं?

जिल्ह्याहून पत्र आलं: वाचनालयाचं पान उघडावं,
गट करावा, फोटो टाकावेत, अहवाल सोबत जोडावा.
मी ते आवक वहीत चढवलं, क्रमांक एकशे बारा.
पांचाळबाईंनी चष्मा काढला:
पान म्हणजे? कितवं पान?

शिकवायला आली रुबीना, मुनीर बाइंडरची धाकटी,
उदगिरात चौबाऱ्यापाशी मोबाइलच्या दुकानात बसते.
वर पंखा, खाली आम्ही तिघं, मधे तडकल्या काचेचा फोन,
आणि एप्रिल असा
की डांबरगोळ्यांचा वासही दमलेला.

"मावशी, दाबू नका, नुसतं टेकवा."
तीस वर्षं शिक्का मारलेला हात माझा.
दाबल्याशिवाय काही उमटतं
यावर त्याचा विश्वास नाही.

"आणि आवडलं की अंगठा."
बाई चपापल्या.
अंगठा? अगं, सात वर्षं रात्रीचे वर्ग घेतले मी
अंगठे पुसायला.

पासवर्ड ठेवला दाखल नोंदवहीतला पहिला क्रमांक.
विसरू नये म्हणून त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला,
कुणी बघू नये म्हणून वही कपाटात,
किल्ली मन्मथकडे.

पहिल्या आठवड्यात आल्या एकशे सहा शुभ सकाळ,
गुलाब, वाफाळते कप, एका उमेदवाराचा वाढदिवस,
आणि नळाला पाणी कधी येणार,
एवढा एकच खरा प्रश्न.
बाई प्रत्येकाला उत्तर देत, खाली: आपली विश्वासू, ग्रंथपाल.
रुबीना स्टुलावरून पडायची राहिली.
"सही लागत नाही मॅडम, नाव वर दिसतंच."
दिसू दे, बाई म्हणाल्या. सही ती सही.

मन्मथ लांबच. शिपाई माणूस, निवृत्तीला अकरा महिने.
"मला कामून ओढायलाव त्याच्यात?
मी पुस्तकं लावायलोय, लावू द्या."
पण त्याच्यापाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा,
परत आलेल्या पुस्तकांतून गळालेलं सगळं त्यात:
निलंगा ते उदगीर एसटीचं तिकीट,
अर्धी राखी, किराण्याची यादी,
हरभऱ्याच्या बियाण्याची पावती,
दहावीचं हॉलतिकीट, फोटो तेवढा कुणी कापून नेलेला,
आणि उर्दूतली चार ओळींची चिठ्ठी,
मुनीरभाईंनी वाचलेली,
सांगितली नव्हती.

एका दुपारी लाइट गेली.
रुबीनानं डबा उपडा केला,
एकेक वस्तू रजिस्टरवर ठेवून फोटो काढला,
आणि मन्मथचं बोट धरून
दोन शब्द टाकून घेतले:
हे कुणाचं?

त्या रात्री शुभ सकाळवाले गप्प.
देगलूरहून एक तलाठी बोलला,
"हॉलतिकीट माझं. फोटो जिनं नेला
ती आत स्वयंपाक करायलीय."
पावतीवरून दोन भावांत जुंपली,
बाईंनी मिटवली, सहीनिशी.
चिठ्ठीखाली कुणीच काही लिहिलं नाही.
फक्त एक अंगठा,
अनोळखी नंबराचा,
आणि तासाभरानं
तोही काढून घेतलेला.

काल यादीखाली पुण्याहून एक बाई:
"अक्षर आईचं. गुळापुढं ती नेहमी 'थोडा' लिहायची.
तुमचं एक पुस्तक अजून आमच्याकडंच आहे.
दंड किती झाला असेल?"

मी देवघेवीची जुनी वही काढली. धूळ झटकली.
रोजचे दहा पैसे, चोवीस वर्षं,
आठशे शहात्तर रुपये साठ पैसे.
बाई म्हणाल्या, माफ, असं लिहा.
मन्मथ शिडीवरूनच म्हणाला,
"ते नंतर. आधी विचारा,
आत काही ठेवलंय का."

अजून शब्द जुळवतेय.
बोट टेकवते.
दाबत नाही.