वाहून आलेलं लाकूड

ऑर्कनीच्या या बेटावर झाड नाही.
वारा कुणाला उभंच राहू देत नाही.
लाकूड येतं ते समुद्रातून,
नावगाव विसरून.

मेरन फ्लेट नखानं खरवडते, हुंगते,
कधी ढलपी जिभेवर ठेवते.
तुरट लागली तर ओक:
ओल्यात लोखंडी खिळा ठोकलात
की भोवती काळंनिळं पडणार,
मार बसल्यासारखं.
बीच दिसायला गुळगुळीत,
पण दमट हवेत असं फुगतं
की ड्रॉवर हिवाळाभर रुसून बसतो.
अ‍ॅश वाकतं. वाफ द्या, घाई करू नका.

पाइनला मात्र ती नावं ठेवते.
मऊ मेलं. नख रोवलं तरी वण.

म्हाताऱ्या थोरफिनला खुर्ची पाइनचीच हवी.
पाठ ओटच्या काडाची, उंच, वारा अडवणारी;
हात पाइनचे.
"ओक नातवंडांना पुरेल," मेरन म्हणाली.
"पुरेल गं.
पण जुनीच्या उजव्या हातावर खळगा होता.
विणताना तिची सुई
टेकून टेकून पडलेला."

मेरन काही बोलली नाही.
कोपऱ्यातली फळी तिनं उजेडात धरली,
खारट, किड्यांनी भोकं पाडलेली,
आणि रंध्याचं पातं काढून
धार लावायला बसली.