हक्कसोड

हसुरामने गाडी पाठवली, एसीची.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
माहेरची गाडी दारात
ही पहिली.

वकिलाने वाचून दाखवलं :
मौजे पडले, तालुका ठाणे, हिस्सा तीन,
बेचाळीस आर, पोटखराबा दोन.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला,
दक्षिणेस घेणाऱ्याचाच आधीचा तुकडा.
आम्ही हिला मोरीवरची म्हणायचो.
वर झिनी, खाली पाणी तुंबायचं तिथे रत्ना,
भात कापलं की ओलीवर वाल.
कागदात तसलं काही नव्हतं.

'माझा हक्क, कोणताही मोबदला न घेता,
राजीखुशीने...'
इथे वकील जरा खोकला.
माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत साडी.
वहिनीने फोन करून रंग विचारला होता.
धाकट्या चांगुणाला दोन लाख मिळालेत.
मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नाही.

टोकन चौतीस. फोटो काढला.
अंगठा मशीनवर टेकवला तोच
खिडकीतला पोरगा म्हणाला,
सर्व्हर डाऊन. आता सोमवारी.
हसुराम बाहेर उन्हात फोनवर
साहेब, साहेब करत राहिला.

म्हणजे शुक्रवार दुपार ते सोमवार
सातवा हिस्सा माझा.

ड्रायव्हरला म्हटलं, शिळफाट्यावरून घे.
चहूकडून पत्रे ठोकलेले. पत्र्यांवर
हिरवळ, पोहणारं गोरं पोर, तेवीस मजले.
वॉचमनने हात आडवा केला. कुठं, मावशी?
म्हटलं, मालकीण आहे.
त्याने मला पाहिलं, मग गाडीला,
आणि कडी काढली.

आत कमरेइतका मुरूम.
बांध काही केल्या सापडेना.
मग बा मोजायचा तशी पावलं टाकली,
मोरीपासून सदुसष्ट, तिथून डावीकडे.
त्रेचाळीसाव्याला मिक्सर आडवा आला.

वॉचमन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.
आमचं बी गेलं, म्हणाला, हायवेत. अडीच एकर.
बुलढाण्याकडचा.
विचारलं, बहिणी किती?
दोन.
सह्या केल्या?
तो टॉर्च लावून कुंपणाकडे गेला.
उजेड होता अजून.

घरी आले तर चपलांना लाल मुरूम,
कुठल्या डोंगराचा कोण जाणे.
आपली माती काळी होती.
तरी झटकला नाही.
सोमवारपर्यंत असू दे.