हातचे

एकोणीस वर्षं फीच्या खिडकीत बसते आहे,
खंडवा रोडवरच्या एका कॉलेजात.
काचेला अर्धगोल भोक, हात आत येईल एवढंच.
चेहरा बघायचा तर वाकावं लागतं,
म्हणून मी हात ओळखते.

देपालपूरकडच्या एका बापाचे, लसणाच्या वासाचे,
नोटा देण्याआधी तीनदा मोजणारे.
एका मास्तरांचे, नखांत खडू.
एक बाई यायची दर सहामाहीला,
दहा-दहाच्या गड्ड्या, केसांच्या रबरात बांधलेल्या.
तिच्यामागची रांग चुळबुळायची.
मी मुद्दाम सावकाश मोजायची.
आता बहुतेक जण मोबाईल पुढे करतात.
पैसे टुण्ण करून येतात,
कुणाचे ते कळत नाही.

आणि आज रात्री जेवणाच्या टेबलावर
शलाकाने कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटं केलंय,
पट्टी घेऊन रेघा मारल्यात.
सरकारी, सिटी बसच्या एका तिकिटावरचं.
राऊच्या पुढचं, काचेच्या इमारतीचं.
विजयनगरचं नवं, तिथे पोहायचा तलाव आहे म्हणे.
आणि 'तुझं'. कर्मचाऱ्यांच्या मुलांना पाव फी माफ.
रकाने: चार वर्षांचा खर्च. पॅकेज. किती वर्षांत वसूल.

"आई, पॅकेज सांग ना खरं. तुला माहीत असेल."

काय माहीत असेल मला?
भंवरकुआँच्या चौकात आमचा बोर्ड आहे,
टाय लावलेला एक मुलगा, खाली बारा लाख.
त्याची शेवटची फी नऊ दिवस उशिरा आली होती,
दंडाची पावती मीच फाडली.
त्याच्या वर्गात एकसष्ट जण होते.
बोर्डावर साठ जणांना जागा पुरली नाही.

त्यातला एक बँकेत कर्जाचे फॉर्म वाटतो.
एक वडिलांच्याच किराण्यात, तराजूपाशी.
एक परवा दारात पार्सल घेऊन उभा होता.
"सुट्टे नाहीत?" मी विचारलं,
तर हसायलाच लागला,
"अरे! फीसवाल्या मॅडम!"
चार वर्षांत त्यानेही माझा चेहरा पाहिला नव्हता,
फक्त हे वाक्य ऐकलेलं.
पाणी पिऊन गेला. पुढे सतरा पत्ते बाकी होते.

वसुली माझ्या खिडकीवर येत नाही, बेटा.
येतं ते फक्त डिपॉझिट,
शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की दोन हजार परत,
लायब्ररीचं कार्ड हरवलं असेल तर पन्नास वजा.
तेवढ्यासाठी मुलं गाव सोडून येतात,
सही करतात, आणि जाताना
पावती नीट घडी घालून ठेवतात.

हे मी बोलले नाही.
पेन्सिल घेतली आणि राऊवाल्याची बेरीज केली.
बस धरून सव्वासात लाख.
यांच्या दुकानाची एफडी, माझा पीएफ, कर्ज जेवढं मिळेल तेवढं.
तरी खाली उरलंच काही.
डोक्यावर बारीक लिहिलं: २.

"हे दोन काय?"
"हातचे."

शाळेत बाई सांगायच्या, हातचे विसरायचे नाहीत,
वर लिहून ठेवायचे, पुढच्या घरात मिळवायचे.
शलाकाने माझ्या मनगटाकडे पाहिलं.
लग्नातल्या दोन पाटल्या,
भांडी घासताना कोपरापर्यंत सरकवते त्या.

तिने पान स्वतःकडे ओढलं.
मला उलटं वाचता येतं,
खिडकीने तेवढं शिकवलंय.
शेवटच्या रकान्यापुढे ती आणखी एक आखत होती,
पट्टीशिवाय, वाकडा.
वर लिहिलं, 'पाटल्या परत – वर्षं'.
सरकारीपुढे शून्य घातलं, चटकन.
राऊपुढे सहा लिहिले. खोडले.
नऊ लिहिले. त्यावर खोडरबर धरून
तशीच बसली.

दूध उतू चाललं होतं.
मी म्हटलं, गॅस बंद कर आधी.