उनसठ

आमच्या गल्लीला घड्याळं दोन.
एक गिरणीचा भोंगा, बिर्लानगरहून यायचा
वाऱ्याच्या मर्जीनं, कधी यायचाही नाही.
दुसरा वास. तो मात्र रोज चारला,
बिस्किटांच्या कारखान्याची भट्टी उघडली की
वनस्पती तूप आणि करपलेली साखर.
आई म्हणायची, उठा, चहा टाकते.

बाबा गिरणीत, वायंडिंग खात्यात,
बावीस वर्षं बॉबिनी मोजत.
दारातच सदरा झटकायचे,
तरी भुवयांत कापूस राहायचा.
रात्री जेवताना पाढे. मराठीतून.
शाळा हिंदी, बाजार हिंदी,
आकडे तरी आपले ठेवा.
एकदा मी उनसठ म्हटलं.
त्यांनी घास ताटात ठेवला.
एकोणसाठ. म्हण.
म्हटलं. तोवर वरण निवलं.

त्यांचं नाव कमी झालं तेव्हा मी एकोणीस.
महिनाभर ते तरीही भोंग्याला निघायचे,
डबा घेऊन छोट्या लाइनच्या फलाटावर बसायचे,
श्योपूरची ती खेळण्यातली गाडी,
टपावर माणसं, दुधाच्या कॅनी, एखादी बकरी,
ती गेली की परत यायची वाट बघत.
साडेपाचला घरी.
भुवया स्वच्छ.
आईला त्यावरूनच कळलं.

मग मी लागले. पॅकिंग, टेबल नंबर चार.
रामकली कुशवाह, जुबैदा, मी,
आणि म्हातारी पोपटीबाई, जी दर पुड्यामागे सांगायची
कराचीत बिस्किटं असायची, ह्या विटा आहेत.
बारा बिस्किटं, मेणकागद, दोन घड्या, डिंक.
मोजणी मोठ्यानं, चौघींची एका दमात,
छप्पन, सत्तावन, अट्ठावन,
आणि मी एकटी, एकोणसाठ.
टेबल चुकलं. तोमर मुकादमानं
चौघींचाही अर्धा दिवस कापला.
रामकली काही बोलली नाही. फक्त तिची भाकरी
तिनं त्या दिवशी तिकडे तोंड करून खाल्ली.
दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी
मी चपला झटकायचे आणि आकडे बदलायचे.
घरी पोचेस्तोवर पुन्हा उलट.
कंपूच्या चढावर, सायकल हातात धरून,
ओठांतल्या ओठांत.

शनिवारी तुटकी बिस्किटं कामगारांच्या भावात.
बाबा ती चहात बुडवत नसत.
ताटलीत तुकड्याला तुकडा जुळवत बसायचे,
अख्खं बिस्किट जमलं तरच खायचे.
माझं पगाराचं पाकीट देवापुढे.
ते आई उचलायची.

जयारोग्यच्या वॉर्डात, शेवटच्या आठवड्यात,
तापात त्यांची बोटं चादरीवर चालत होती,
इथून काहीतरी उचलून तिथे ठेवत.
ओठही हलत होते. मी वाकले.
पचपन. छप्पन.
मला वाटलं मीच म्हणतेय.
सत्तावन.
म्हणजे बावीस वर्षं तेही.
खात्यातल्या सगळ्यांबरोबर, एका दमात,
आणि मग तो सगळा रस्ता सायकलवरून
एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी घोकत,
आमच्यापुढे ताटावर बसायच्या आधी.
अट्ठावनला अडले.
माझ्याकडे बघितलं, लेकीकडे नाही,
शेजारच्या यंत्रावरच्या माणसाकडे बघावं तसं.
उनसठ, मी म्हटलं.
मान हलली. बोटं पुढे गेली.

कारखान्याच्या जागी आता काय आहे
ते बघायला मी जात नाही.
चारला चहा मात्र टाकते, नुसताच.
पुण्याहून पुतण्याचा फोन येतो,
कुठलासा फॉर्म भरतोय माझ्यासाठी,
आत्या, वय किती लिहू?
मला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.
तो हसतो. त्याला वाटतं,
आत्याला वय लपवायचंय.