दोन पानांत बसवा

ऐरोली, सेक्टर आठ. झेरॉक्सच्या दुकानात
तेजल म्हणते, काकू, दोन पानांत बसवा,
तिसरं पान कुणी उघडत नाही.
पानाला चाळीस रुपये, दुरुस्तीचे वेगळे.

मी पेनड्राइव्ह आणलाय.
त्यात दोन हजार दहा सालची मी आहे.
फाइलचं नाव : बायोडेटा फायनल नवीन दोन.
तिचा फोन लँडलाइन,
नावाखाली वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं,
मग जन्मतारीख, मग उंची.
उंची कशाला? बहुतेक लग्नाच्या बायोडेट्यावरूनच
उचललं असणार सगळं.
तेजल हसते. पाच फूट दोन इंच
एका बोटात खोडते.

छंद : वाचन, पोहणे.
मी आयुष्यात कधी पोहले नाही.
"राहू दे?" "राहू दे."

अनुभव.
रबाळ्याला, गॅस्केटच्या कारखान्यात नऊ वर्षं.
दोन लोखंडी तोंडं कितीही आवळली
तरी मध्ये फट राहतेच,
त्या फटीवर आमचा पगार.
माझ्या ॲप्रनच्या खिशात फीलर गेज असायचं,
पात्यांची जुडी, सगळ्यांत बारीक पातं
कांद्याच्या पापुद्र्याएवढं.
ते आत सरकलं की माल परत.
मी टेंपो भरभरून माल परत पाठवलाय,
मालकांनी सगळ्यांदेखत झापलंय,
आणि दिवाळीला काजूकतलीचा एक डबा
गुपचूप जास्तीचा दिलाय.
तेजल लिहिते, गुणवत्ता तपासणी.
दोन शब्द. बसलं.

"आणि काकू, ही गॅप?"
दोन हजार एकोणीस. त्यापुढे पांढरं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, वाशी.
सासऱ्यांचं डायलिसिस, चार तास,
आधी वजन, नंतर वजन, वहीत.
दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यातच चहा,
त्यातच आमटी, त्यातच गोळीबरोबरचा घोट.
केळं नाही. शहाळं तर नाहीच.
मी पाच वर्षं आमटी मोजली, तेजल,
स्टीलच्या पळीवर खिळ्यानं खूण करून.
एकदा त्यांनी माझ्यादेखत फुलदाणीतलं पाणी प्यायलं
आणि मी पाठ फिरवली.
ते वहीत नाही.

एवढं सगळं मी म्हटलं नाही.
"घरचं होतं," म्हटलं.
तिनं 'वैयक्तिक कारण' टाइप केलं,
मग माझ्याकडे बघून अक्षर एक पॉइंट लहान केलं.

शेवटी, संदर्भ.
चौबळ सर, आयटीआय, पुढे मोबाइल नंबर.
"आधी विचारून घ्या," तेजल म्हणाली, "हल्ली खरंच फोन करतात."
लावला.
मागे हमालांची आरडाओरड, ट्रकचा रिव्हर्स हॉर्न.
"कोण चौबळ? मी शेडगे, तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट.
हा नंबर माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली."
मी सॉरी म्हणाले. कशाला लावला होता, तेही सांगून बसले.
तो थांबला जरा.
"मग माझं नाव टाका की.
कुणी इचारलं तर सांगीन, बाई चांगल्या हायेत."
"पण तुम्ही मला ओळखत नाही."
"तुमी चुकून लावला न् माफी मागितली.
मार्केटात एवढं कोण करतं?"

टाकलं नाही, अर्थात.
तेजलनं लिहिलं, मागितल्यास देऊ.
ऐंशी रुपये, वर दुरुस्तीचे वीस.
प्रिंट गरम होती, मी ती ओढणीखाली धरून घरी आणली
जसं काही कुणी बघेल.

रात्री साडेनऊला, भांडी घासताना,
फोन.
"शेडगे बोलतोय. अजून कुणाचा फोन आला न्हाई.
पण आला तर? तुमचं नावच इचारायचं राहिलं."

ओल्या हातानं फोन कानाशी धरून
मी सांगायला लागले.
"सावकाश," तो म्हणाला, "लिहून घेतोय."