रकाना सहावा

कूलरच्या ताट्यांना गेल्या उन्हाळ्याचा वास.
तालुक्याच्या दवाखान्यातला वरचा हॉल,
एकवीस आशा, चार सिस्टर,
प्लेटींमधली तर्री गार होत चाललेली,
आणि नैताम मॅडम जिना चढताहेत,
एक कुबडी, एक पाय, मग दुसरी कुबडी.
सोळा पायऱ्या. आम्ही मोजत होतो.

दुर्पता धावली दंड धरायला.
"धरू नको बाई. आधी इचार."
धडा इथूनच सुरू झाला होता,
वहीत मात्र कोणी उतरवला नाही.
आम्हाला वाटलं, प्रशिक्षण व्हायचंय अजून.

त्यांनी पहिलं विचारलं,
बाळंतपणाचं टेबल किती उंच आहे तुमच्याकडं?
कोणालाच ठाऊक नव्हतं.
रोज त्याच्यावर बाया चढवतो आम्ही.
शिवणकाम करणाऱ्या एका आशेच्या पर्समधून
टेप निघाला. पस्तीस इंच.
"मी तिथवर पोचत नाही," मॅडम म्हणाल्या,
"माझ्या वेळी दोघांनी मला पोत्यावानी उचललं,
तिसरा हसला.
पोरगी नववीत गेली माझी.
ते हसू काही मोठं झालं नाही, तेवढंच आहे."

डोळ्याला पट्टी बांधून आंधळ्याची नक्कल करू, असं
एक सिस्टर उत्साहानं म्हणाली.
"नक्कल नको. सवाल तिले करायचा,
तिच्यासंगं आलेल्या माणसाले नाही.
ह्याचाच सराव करू."
हे इतकं अवघड निघेल असं वाटलं नव्हतं.
दर वेळी आमची मान
वळायची सासू झालेल्या दुर्पताकडं.

मग त्यांनी माझं रजिस्टर मागितलं.
ओळ त्रेचाळीस: चंद्रकला बावणे, वय सव्वीस, मूकबधिर.
रकाना सहावा, पाळणा, साधन, सल्ला:
लागू नाही.
खालच्या वर्षीही तेच. त्याच्या खाली नुसत्या दोन टिंबा,
वरच्याप्रमाणे.
अक्षर माझंच, चांगलं वळणदार.
"लागू नाही, हे तुले कोणी सांगतलं?"
मी आठवून पाहिलं.
कोणीच नाही. मी त्या घरात शिरलेच नव्हते.
म्हशीपाशी उभी राहून पुढं जायची.

संध्याकाळच्या एसटीनं गावात उतरले
आणि घरी न जाता तिच्या दारी गेले.
गावात तिला मुकीच म्हणतात,
मी नाव घेऊन विचारलं तर आईला क्षणभर कळलं नाही
कोणाबद्दल चाललंय.
"तिले काय समजते बाई, मले सांग."
मी चंद्रकलासमोर बसले,
उजेड माझ्या तोंडावर येईल अशी.
ओठ हळू हलवले. चित्रांची वही उघडली.

गोळ्या पाहिल्या तिनं, तांबी पाहिली,
निरोध पाहून पदरात हसली.
गर्भाशयाच्या पानावर थांबली.
बोट ठेवलं. माझ्याकडं पाहिलं.
मग पोलक्याखाली लुगडं सरकवून
ओटीपोटावरची आडवी शिवण दाखवली,
जुनी, पांढुरकी पडलेली,
आणि तळवे उलटे केले हवेत:
काय काढलं इथून?

आई चुलीकडं वळली.
"पंधराची होती. पाळीचं कोण निस्तरलं असतं?
दर महिन्याले मीच धुवायची, बाई, मीच.
डाक्टर बी म्हणे, बरं राहीन."
लाकूड फुंकता फुंकता तिला धूर लागला,
की धूर नव्हताच, मला सांगता येणार नाही.

अकरा वर्षं तिला वाटत होतं
पोटात काहीतरी सडलं होतं तिच्या.
हे तिनं मला हातांनी सांगितलं,
नाक दाबून, तोंड फिरवून.

सारवलेल्या भुईवर मी राखेनं पिशवी काढली.
दोन्ही बाजूंना दोन फांद्या.
मग ती पुसली.
चंद्रकलानं पुसल्या जागेवर हात ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.

रात्री रजिस्टर काढलं. सहावा रकाना खोडला,
वर काही लिहिलं नाही.
उद्या प्रशिक्षणाचा दुसरा दिवस.
मॅडमला विचारायचंय,
तुझ्यात काही खराब नव्हतं,
हे हातांनी कसं म्हणतात.