पाणसळ

मेलिर म्हणाले, सिमेंट मीच ओतलं,
चौऱ्याहत्तर साली, दोन दिवसांत, एकट्याने.
नेस्ट पडली होती, सैल फरशीला पाय अडकून.
पुढचं ते बोलले नाहीत.
किटली चढवली.

पन्नास वर्षं ही जमीन आतल्या आत घामेजत राहिली.
कमरेपर्यंत ओल, कपाटामागे बुरशी,
भिंतीला मिठाचे फुलोरे.
वेल्समध्ये पाऊस वरून येतो, तसाच खालूनही,
आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते.
ती जुन्या गवंड्यांनी ठेवली होती:
माती, राख, चुना.

छिन्नी टेकवली, एकच घाव,
आणि तुकडा खपलीसारखा सुटून आला.
खाली वर्तमानपत्रं.
सिमेंटच्या पोटावर उलटी उमटलेली अक्षरं,
मेंढ्यांचे भाव, कुठल्याशा रग्बी सामन्याचा निकाल.
तुम्ही कागद अंथरला होता?
‘घर तिचं. फरश्या तिच्या,’ म्हणाले.
‘मी नुसत्या झाकल्या.’

चौऱ्याण्णव फरश्या, भाजलेल्या, लाल आणि काळ्या.
पाठीवर खडूने आकडे घालून अंगणात रचल्या.
चार फुटल्या, दोन माझ्याच हातून.
त्यांच्या जागी कपाटाखालच्या कोऱ्या घेतल्या,
कपाटाला काय, तुकडेही चालतील.

कळीचा चुना मी पानगळीतच विरवून ठेवलेला.
तेव्हा उकळला, फुसफुसला, शिव्या दिल्या त्याने,
आता लोण्यासारखा थापीवर बसतो.
नदीची वाळू तीन घमेली, चुना एक.
चुलीमागच्या गिलाव्यात घोडीच्या शेपटीचे केस,
ग्वलाडिसने कातरून दिलेले, पिशवीत, घोडीच्या नावासकट.
चुलीच्या गालांना चिकणमाती, राख, थोडं मीठ.
हे प्रमाण मला कुणी लिहून दिलेलं नाही,
बोटांमध्ये दाबायचं, चिकटलं तर वाळू, सुटलं तर चुना.

मग एकसष्ट आणि बासष्ट नंबर.
चुलीसमोरच्या.
दोन्हींमध्ये एकेक खळगा, बशीएवढा,
मध्ये वीतभर अंतर.
इथे उभं राहून कुणीतरी ढवळत होतं.
एक बाई नव्हे, तीन-चार पिढ्यांच्या.

झिजलेली फरशी पलटून बसवतात, ही आमच्या धंद्यातली रीतच.
खालची बाजू तशीच असते, नवीकोरी.
बाकीच्या मी पलटल्या होत्या. याही उचलल्या.
मेलिर दारात.
‘त्या नको.’
पाणी साचेल, मी म्हणाले. पाणसळ बसणार नाही.
‘पुसेन.’
तुम्हीही पडाल एखाद दिवशी.
‘ऐंशी वर्षांचा आहे मी, पोरी, पडायला मला फरशी लागत नाही.’

दोरी सोडली. पाणसळीचा बुडबुडा
एका बाजूला पळाला आणि तिथेच राहिला.
तशाच बसवल्या. सांधे बोटाने दाबले,
ओल्या गोणपाटाने झाकलं सगळं.

चुन्याला घाई चालत नाही. तो हवा खाऊन दगड होतो,
आणि हवा त्याला हळूहळूच पचते.
चार आठवडे चूल पेटवू नका, बजावून गेले.
परत आले तेव्हा जमीन फिकी, कोरडी,
भिंतीवरचं मीठ झाडूने निघालं.
जवसाचं तेल गरम करून चिंधीने चोळलं, तीन हात,
तसा लाल रंग वर आला.

पहिला जाळ काटक्यांचा, मुठीएवढा.
नव्या गिलाव्याला भीती दाखवायची नसते.
मेलिरनी सपाता काढल्या,
मोजे काढले, वेळ लावून,
आणि एकसष्ट-बासष्टवर उभे राहिले.

टाचा बाहेर, बोटं बाहेर.
खळगे त्यांना लहान होत होते.
‘बघ,’ म्हणाले,
आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.
मी बादली विसळली. बिल नंतर पाठवते म्हटलं.